शेवटच्या नावानंतरचा एंटर

शिल्पाची गोष्ट सांगायची तर आधी माझी फजिती सांगावी लागते, त्याला इलाज नाही. दोन हजार चारच्या जूनमध्ये, एका सोमवारी सकाळी, मी लातूरला शंकरप्पा सरांच्या क्लासच्या ऑफिसात मान खाली घालून उभा होतो आणि रेणुकादास काका मला सगळ्यांदेखत झाडत होते. गुन्हा काय, तर मी टाईप करून पाठवलेल्या यादीत शेवटच्या नावाखाली चार ओळी रिकाम्या राहिल्या होत्या.

“सिद्धराम, यादी शेवटच्या अक्षराला संपली पाहिजे,” काका म्हणाले. “त्याखाली जागा सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. परिपत्रक वाचलं नव्हतंस का?”

वाचलं होतं, खोटं कशाला बोलू. पण औशाला बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. एक गिऱ्हाईक जातंय तोवर दुसरं काउंटरवर कोपर टेकून उभं. काम संपलं की एंटरवर दोन-चार फटके मारायचे आणि उठायचं, ही माझी सवय. आता एवढ्यासाठी माणसाला दुकान बंद करून लातूरला बोलवायचं? मी मनातल्या मनात लई तणतणत होतो, पण काकांपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

काकांचंही खोटं नव्हतं, हे आज कबूल करतो. ते तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरवाटपाच्या कितीतरी याद्या त्यांच्या हाताखालून गेल्या. तयार यादी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत तिच्या तळाशी दोन नावं वाढलेली असायची. ज्याचं घर पडलंच नाही त्याचं, नाहीतर ज्याचं घरच नव्हतं त्याचं. तेव्हापासून काका शेवटच्या नावाला चिकटून तांबड्या शाईच्या दोन रेघा ओढायचे. क्लासमध्ये आल्यावर कॉम्प्युटरवर रेघ ओढता येईना, म्हणून त्यांनी नियम काढला. शेवटचं नाव, त्याचे गुण, आणि तिथंच बोट उचलायचं. पुढे एंटरसुद्धा मारायचा नाही. त्या वर्षीच्या निवड चाचणीच्या अकरा केंद्रांपैकी दहा केंद्रांनी तो नियम डोळे मिटून पाळला. अकरावं केंद्र म्हणजे मी.

कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी शिल्पा बसली होती. मला बोलणी बसताना तिनं एकदा वळून बघितलं आणि ओठ दाबून परत स्क्रीनकडे तोंड केलं. हसत होती. मला तेव्हा तिचा रागच आला.

ही शिल्पा म्हणजे बजरंगरावची पोरगी, आमच्याच औसा तालुक्यातली. भूकंपात त्यांचं गाव बसलं तेव्हा ती सहावीत होती. घरची माणसं शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर, झोपायला गेली होती म्हणून वाचली. घर मात्र दगडमातीचा ढीग झालं. मग पत्र्याचं शेड. उन्हाळ्यात आत बसवत नव्हतं आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नव्या गावठाणात घरं वाटायची यादी झाली, तिच्यात बजरंगरावचं नाव अगदी शेवटी होतं. मूळ यादीत होतं, नकलेत नव्हतं. नक्कल करणाऱ्यानं पान उलटलं असेल, जेवायला उठला असेल, देव जाणे. आणि विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, शेवटचं नाव ना, मग ते मागून घुसवलेलंच असणार. चौदा महिने बजरंगरावनं हेलपाटे घातले आणि चौदा महिने लोकांनी त्याला चोर समजलं. घर मिळालं शेवटी. पण तेव्हापासून कुठलीही यादी दिसली, रेशनची असो, मतदारांची असो, की बजरंगराव ती खालून वर वाचतो. गावातली पोरं हसतात, तो लक्ष देत नाही.

बारावीनंतर शिल्पा लातूरला मावशीकडे आली. मावशी साखराबाई पोरांचे डबे करायची. त्या वर्षांत लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते. एका खोलीत चार चार पोरं, भिंतीवर सूत्रं, आणि कुठंही जा, ‘किती पडले?’ हाच प्रश्न. साखराबाईचे साठ डबे सकाळी नऊच्या आत निघायचे आणि शिल्पा ते बांधून मग आयटीआयला जायची. कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स झाला, शंकरप्पा सरांकडे नोकरी लागली. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ऑफिसातल्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं, एका जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स शिल्पाच्या हातात ठेवली आणि तो पुण्याला गेला तो गेलाच. पुढचं सगळं ती त्या झेरॉक्सवरून शिकली. दोन-तीन पानं तर झेरॉक्सवाल्यानं तिरकी काढून अर्धी कापली होती, ती तिनं अंदाजानं भरली.

तिचं मुख्य काम शेल स्क्रिप्ट लिहायचं. म्हणजे मशीनला कामांची चिठ्ठी लिहून द्यायची. ही फाईल उघड, एकेक ओळ वाच, गुण बघ, क्रमानं लाव. मशीन चिठ्ठीबरहुकूम वागतं, फक्त चिठ्ठीचा अर्थ ते त्याच्या मनानं लावतं. पहिल्याच वर्षी पोरांचे एक ते सात नंबर बिनघोर गेले आणि आठ-नऊ आले की मशीन अडून बसायला लागलं. दहापासून परत सुरळीत. सगळे म्हणाले व्हायरस आहे. शिल्पा दोन दिवस पुस्तकाला चिकटून बसली. शेवटी कळलं की नंबर शून्य-आठ असा लिहिला की पुढचा शून्य बघून मशीन मोजायची दुसरीच रीत धरतं, आणि त्या रीतीत सातापुढे आकडाच नाही. तिनं पुढचे शून्य काढले आणि सगळं चालू झालं. तेव्हापासून सर तिला ‘आमचा वैद्य’ म्हणायचे.

त्या वर्षी सरांनी मोफत बॅच काढली होती. चाळीस पोरं, दोन वर्षं, शिकवणं फुकट, राहणं-जेवण फुकट. ज्यांना लातूरला पोर ठेवणं झेपतच नाही अशांसाठी. निवड चाचणी पहिल्यांदाच अकरा केंद्रांवर घेतली. औसा, उदगीर, देगलूर, उमरी, पार तिकडं किनवटच्या रानातलं इस्लापूर. पेपर तिथल्या गुरुजींनी तपासले आणि गुण तिथल्याच टायपिस्टनं नोटपॅडमध्ये टाकले, एका ओळीत एक पोर, नंबर, नाव, गुण. फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती लातूरला. शिल्पाच्या स्क्रिप्टनं अकरा फायली वाचून यादी लावली. ज्याची नोंदणी आहे पण गुण सापडत नाहीत, त्याच्यापुढं आपोआप ‘गैरहजर’ छापलं. शनिवारी यादी बोर्डावर लागली. तक्रारी सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत, त्यानंतर प्रवेश बंद.

तर सोमवारी माझी हजेरी घेऊन झाली आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर मळलेलं, डोळे जागरणानं लाल. मागं वेणी घट्ट बांधलेली पोरगी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट. इस्लापूरचे किशनराव आणि त्यांची गोदावरी. रेल्वेनं नांदेड, नांदेडहून एसटी, असं करत आले होते.

“साहेब, पोरगी गैरहजर लावलीय तुमी,” किशनराव म्हणाले. “म्या सोता तिला शाळंच्या फाटकात सोडलं. तीन तास लिंबाखाली बसलो आन् घिऊन गेलो. मंग पेपर कुणी लिव्हला?”

गोदावरी एवढंच बोलली, “माझा चौसष्ट नंबर. शेवटचा बाक.”

काकांनी इस्लापूरची फ्लॉपी त्यांच्या विंडोजच्या मशीनमध्ये घातली. चौसष्टावी ओळ समोर होती. गोदावरी, एकशे सत्त्याऐंशी. दोनशेपैकी. यादीत पहिल्या आलेल्या पोराला एकशे एक्क्याण्णव होते.

शिल्पानं तीच फ्लॉपी घेऊन परत स्क्रिप्ट चालवली. चौसष्ट, गैरहजर.

“शेवटची ओळ,” काका हळूच म्हणाले. “किशनराव, राग मानू नका. पण सहाशे नावं मशीननं घेतली आणि हे एकच घेईना, म्हणजे ह्या ओळीत काहीतरी वेगळं आहे. ती बाकीच्यांसोबत टाईप झालेली नाही. मी जन्मभर शेवटच्या ओळी बघितल्यात.”

किशनरावना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ते बाकावर बसले. पोरगी बसली नाही.

शंकरप्पा सर वर्गातून आले. वाईट माणूस नव्हे, पण त्या यादीसाठी त्यांच्याकडं कुणाकुणाचे फोन आले होते ते आम्हाला माहीत होतं, आणि त्यांनी एकाचाही वशिला चालू दिला नव्हता. इस्लापूरच्या गुरुजींना फोन लावला, ते म्हणाले पोरगी हजर होती. काका म्हणाले, गुरुजी गावचेच. उत्तरपत्रिका मागवायच्या तर दोन दिवस. सरांनी घड्याळ बघितलं. “चूक आपली आहे असं दाखव, शिल्पा, मी यादी फाडून नवी लावतो. नाही दाखवता आली तर यादी आहे तशी राहील. एकासाठी बदलली तर उद्या मी कुणाला नाही म्हणू?”

आता पणाला लागलं होतं ते एवढंच. पाचच्या आत कळलं तर पोरीची दोन वर्षं लातुरात, नाहीतर परतीची गाडी आणि वर खोटेपणाचा डाग.

शिल्पानं आधी साधी परीक्षा घेतली. पाच नावं नोंदणीत चढवली, त्यांची नवी फाईल स्वतः टाईप केली आणि स्क्रिप्टला दिली. पाचही हजर. शेवटचंसुद्धा. काकांनी माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या, जणू मीच काही केलंय.

मग तिनं इस्लापूरची फाईल मशीनवर उतरवून घेतली आणि तिच्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. गोदावरीची ओळ अक्षर अक्षर तपासली. काही वावगं नाही. एक टिंबसुद्धा बदललं नाही, तशीच सेव्ह करून बंद केली आणि सहज स्क्रिप्ट चालवली. चौसष्ट, गोदावरी, हजर. तिसरा क्रमांक.

मी म्हणालो, झालं की. पण शिल्पाचा चेहरा उतरला होता. काकांनी सावकाश चष्मा काढला.

“म्हणजे फ्लॉपीवर गैरहजर,” ते म्हणाले, “आणि तुझा हात लागला की हजर.”

“काका, मी काहीच बदललं नाही.”

“मी कुठं म्हणालो बदललं? जे दिसलं ते बोललो.”

सरांनी फ्लॉपी पाकिटात घालून काकांच्या कपाटात ठेवायला लावली आणि ते वर्गावर निघून गेले. मला त्या क्षणी काकांचा असा संताप आला, वाटलं सांगावं, तुमच्या रेघा घाला चुलीत. पण माझ्यासारख्या चार रिकाम्या ओळींच्या गुन्हेगाराचं कोण ऐकणार? मी खाली जाऊन चार चहा घेऊन आलो. तेवढंच येत होतं.

शिल्पानं चहा घेतला नाही. गैरहजरांची पूर्ण यादी छापली, अडतीस नावं, केंद्राप्रमाणे. टेबलावर पसरून तिनं खालच्या टोकाला बोट ठेवलं आणि बोट वर न्यायला लागली. मला हसू आलं, बजरंगराव डिट्टो. तिला विचारलं तर म्हणाली, “वरनं वाचलं की डोळा घाई करतो, सिद्धरामभाऊ. खालनं वाचलं की प्रत्येकापाशी थांबावं लागतं. आमचे आबा म्हणतेत.”

इस्लापूर, चौसष्ट. केंद्रात पोरं चौसष्टच. बोट वर गेलं. उमरी, अठ्ठावन्न. पोरं अठ्ठावन्न. देगलूर, पन्नास. पोरं पन्नास. उदगीर शेवटचा नंबर. अहमदपूर शेवटचा नंबर. एकेका केंद्रात बाकीचे गैरहजर निरनिराळे होते, पण शेवटचा नंबर सगळीकडं होता. दहा केंद्रं, दहा शेवटची पोरं.

“औसा,” ती म्हणाली. औशाची एकाहत्तर पोरं, आणि एकाहत्तरावं हजर.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो.

“सिद्धरामभाऊ, यादी संपल्यावर तुम्ही काय करता?”

“आता तू बी झाडून घे,” मी म्हणालो. “एंटर मारतो, उठतो. झालं तुझं समाधान?”

तिनं मशीनकडं वळून फाईल उतरवलेली होती तशी आणि सेव्ह केल्यानंतरची, अशा दोन्ही शेजारी ठेवल्या आणि आकार विचारला. दुसरीत एक अक्षर जास्त होतं. एकच. दिसायला मात्र दोन्ही सारख्या. मग मशीनला ओळी मोजायला लावल्या. पहिलीत त्रेसष्ट. दुसरीत चौसष्ट. औशाच्या फायलीत पोरं एकाहत्तर आणि ओळी पंचाहत्तर, माझ्या चार रिकाम्या ओळींसकट.

आणि शिल्पा खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मला तिनं समजावलं ते असं. आपण कागदावर बघतो, जिथं अक्षरं दिसतात ती ओळ. मशीन तसं बघत नाही. एंटर दिसला की ते म्हणतं, ओळ झाली. शेवटच्या नावापुढं एंटरच नसेल तर नाव ते वाचतं, हातातही धरतं, पण ओळ पुरी व्हायच्या आत फाईल संपली म्हणून ‘संपलं’ असं कळवतं. आणि तिच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, संपलं म्हटलं की थांब. ते थांबायचं, हातातलं नाव तिथंच टाकून. ती स्वतः ज्या एडिटरमध्ये लिहायची तो सेव्ह करताना शेवटी आपणहून एंटर टाकतो. म्हणून तिची पाच नावं आली, म्हणून न बदलता सेव्ह केलेली गोदावरी आली, आणि म्हणून मागची दोन वर्षं, सगळं तीच टाईप करायची तेव्हा, कधी काही बिघडलं नाही.

“म्हणजे काकांच्या नियमानं...” मी म्हणालो.

“काकांच्या नियमानं आणि माझ्या चिठ्ठीनं,” ती म्हणाली. “मी थांब म्हणायच्या आधी हात बघ म्हणायला पाहिजे होतं. चूक माझी हाय.”

आपली चूक सापडल्यावर माणूस एवढा खूश झालेला मी त्यानंतर कधी बघितला नाही.

तेव्हा सव्वातीन झाले होते. सर आले, काका आले, किशनराव बाकावरून उठून उभे राहिले. शिल्पानं काहीच समजावलं नाही. म्हणाली, “काका, तुमच्या मशीनवर तुमच्या हातानं तीन नावं टाईप करा. तुमच्या नियमानं. शेवटी तुमचं स्वतःचं.”

काकांना ते खेळासारखं वाटलं, पण बसले. एक, शंकरप्पा. दोन, सिद्धराम. तीन, रेणुकादास. गुण सगळ्यांना शंभर दिले, मलासुद्धा. शेवटचा शून्य दाबला आणि बोट असं उचललं की बघत राहावं. फ्लॉपी स्वतः काढली, स्वतः शिल्पाच्या मशीनमध्ये घातली. तिनं तिन्ही नावं नोंदणीत चढवून स्क्रिप्ट चालवली.

शंकरप्पा, हजर. सिद्धराम, हजर. रेणुकादास, गैरहजर.

काकांनी वाकून ती ओळ वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“काका, तुम्ही तर समोर बसलाय,” शिल्पा म्हणाली. आवाज तिचा जरा चढला होता. “तुम्हाला कुणी घुसवलं न्हाई. आमच्या गावच्या घराच्या यादीत शेवटचं नाव बजरंगचं होतं, माझ्या आबाचं. नक्कल करताना राहिलं. चौदा महिने जो तो म्हणला, मागून घुसवलं असंल. ते बी बसलेच होते, समोर.”

काकांनी विचारलं, “कुठली यादी?” तिनं गावाचं नाव सांगितलं. ती यादी त्यांच्या हातची नव्हती, दुसऱ्या कारकुनाची. पण ते त्यांनी सांगितलं नाही, मला नंतर कळलं. तेव्हा ते फक्त उठले, किशनरावांसमोर गेले आणि म्हणाले, “माझी चूक झाली. तुमची पोरगी हजर होती.” जन्मभर शेवटच्या ओळी बघितलेल्या माणसाला हे बोलायला किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. माझा सकाळपासूनचा राग तिथं उतरला.

गोदावरी तेव्हा कुठं बाकावर बसली.

पुढचं पाऊण तासात झालं. शिल्पाला आयतीच वाट होती, प्रत्येक फ्लॉपीत एकेक एंटर टाकून मोकळं व्हायचं. पण तिनं एकाही यादीला हात लावला नाही. चिठ्ठीच बदलली, एका ओळीत. फाईल संपली असं कळलं तरी आधी हातात काही उरलंय का बघ, उरलं असेल तर ते घे आणि मग थांब. अकरा फ्लॉप्या परत पहिल्यापासून चालवल्या. काका शेजारी बसून एकेक केंद्राचा शेवटचा नंबर मोठ्यानं वाचत होते. दहाच्या दहा आले. उदगीरचं पोर आलं, अहमदपूरचं आलं. देगलूरच्या पोरीला एकशे ऐंशी होते, उमरीच्या पोराला एकशे शहात्तर. गोदावरी धरून तीन जण चाळिसाच्या आत बसत होते.

मग प्रश्न आला, तिघं आत तर तिघं बाहेर? शनिवारपासून ज्यांच्या घरी पेढे वाटले, त्यांना आता काय सांगायचं? सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग साखराबाईला फोन लावायला सांगितला, या बॅचचे डबे तिच्याकडंच ठरले होते. “मावशी, त्रेचाळीस डबे झेपतील का?” साखराबाईनं काय उत्तर दिलं ते मला लांबूनसुद्धा ऐकू आलं, बाई हळू बोलायचीच नाही. म्हणाली, “चाळीस झेपतेत तं तीनानं काय चूल फुटायलीय?”

पाचला दहा कमी असताना नवी यादी बोर्डावर लागली. किशनरावनी वरून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते काढेनात. नंतर म्हणाले, “बाई, तुजं नाव काय?” शिल्पानं सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, जसं माणूस रस्त्याचं नाव पाठ करतो. देगलूरला आणि उमरीला फोन काकांनी स्वतः लावले. दोन्ही फोनवर एकच वाक्य, “आपला पाल्य हजर होता.”

आठवड्यानं मला औशाला नवं परिपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, यादी संपल्यावर शेवटच्या नावानंतर एंटर मारावा, नमुन्यासाठी औसा केंद्राची फाईल पाहावी. खाली रेणुकादास काकांची सही. मी ते लॅमिनेट करून दुकानात लावलं. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय हो, मी म्हणायचो, प्रमाणपत्र हाय.

त्याच महिन्यात मी टोनर आणायला लातूरला गेलो तर क्लासच्या बोर्डासमोर बजरंगराव दिसला. मेव्हणीकडं आला होता, पोरीच्या ऑफिसात डोकावला होता. यादी अजून लागलेली होती. त्यानं त्रेचाळिसाव्या नावावर बोट ठेवलं. ते पोर जुन्या यादीत चाळिसावं होतं, तीन पायऱ्या खाली सरकलं होतं आणि तरी राहिलं होतं. मग बेचाळीस, मग एक्केचाळीस. काका ऑफिसातून बाहेर आले. मला वाटलं, आता विचारतील, खालून का वाचता. त्यांनी उलट खिशातून चष्मा काढला, बजरंगरावच्या शेजारी उभे राहिले आणि त्याच्या बोटामागोमाग नावं वाचायला लागले.

शिल्पा दारात येऊन थांबली होती. तिनं मला डोळ्यांनी गप्प केलं. दोन म्हातारे खालून वर वाचत गेले, एकही नाव न गाळता, आणि त्यांच्या मोजणीनं एक्केचाळिसावं नाव गोदावरीचं आलं.

“हाय,” बजरंगराव म्हणाला.

“हजर,” काका म्हणाले, आणि पुढचं नाव वाचलं.